पाणी पोचेपर्यंत

नायब तहसीलदार नेमकं काय करतो, असं वर्ध्याकडचे आमचे नातेवाईक मला अजून विचारतात. तहसीलदाराला जे करायला वेळ नसतो किंवा मन नसतं, ते सगळं तो करतो, असं मी सांगतो. शेतसारा, हद्दीचे तंटे, कोंडवाड्यात अडकलेली गुरं, जळालेल्या घरांचे पंचनामे, वाघाने बैल नेला तर तो वाघानेच नेला का याची चौकशी. आणि आमच्या चांदा जिल्ह्यात, नागभीड-ब्रह्मपुरीकडे, तलाव.

मी यादीचा माणूस आहे. दौऱ्याच्या पेटीच्या झाकणाला आतून दोन याद्या चिकटवलेल्या असत. पहिली सामानाची: क्विनाईन, कंदील, छत्री, शिक्का, लाख, दोरी, मीठ. मीठ अशासाठी की जंगलातल्या गावात मीठ मागणं म्हणजे त्या घराच्या आठवड्याला हात घालणं. दुसरी यादी जास्त महत्त्वाची. तिचे दोन भाग होते, 'घ्यायचे' आणि 'न घ्यायचे'. घ्यायच्यात पाणी, चहा, बसायला खाट, पानसुपारी. न घ्यायच्यात दूध, तूप, कोंबडी, मासे, मध, लाकूडफाटा. नोकरीला लागलो तेव्हा मला वाटायचं की ही दुसरी यादी पाळली की झालं. सरकारी माणसाची नीतिमत्ता त्या झाकणावर मावते.

पहिला धक्का एका कोंबडीने दिला. आलापल्लीच्या पलीकडे एका माडिया गावात चौकशी आटोपून निघालो, तर गाडीच्या दांडीला कोंबडी बांधलेली. मी ती सोडवून परत केली. पुढच्या मुक्कामी पोचून अंग धुतो न धुतो तोच त्या गावचा मुखिया जंगलातून चालत आला. काखेत तीच कोंबडी. बरोबरच्या जंगल गार्डाने त्याचं बोलणं मला समजावून दिलं. "तो विचारून राह्यला साहेब, गावावर राग कायचा? कोनाचं चुकलं? कोंबडी नाई घेतली म्हणजे साहेबाले दुसरं काही मोठं पायजे का?"

म्हणजे माझ्या सचोटीने एक अख्खं गाव घाबरून बसलं होतं. मी कोंबडी घेतली. पैसे दिले असते तर तो आणखी घाबरला असता, म्हणून पेटीतलं मीठ दिलं. तो हसला आणि निघून गेला. ती कोंबडी पुढे आमच्या अंगणात बरीच वर्षं नांदली. यादीत मी 'कोंबडी' या शब्दापुढे 'परिस्थिती पाहून' असं लिहिलं. हिने ते वाचलं आणि म्हणाली, "झालं. आता सगळ्यापुढे तसंच लिहावं लागणार."

तिचं म्हणणं मला एका तलावाच्या गावी पटलं. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

आमच्याकडचे जुने तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, पूर्वजांनी बांधलेले. मातीची लांब पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं, आणि पाळीत खाली पाणी सोडायची एक जागा ठेवायची. तिला तुडुम म्हणतात. तुडुमाखाली धानाचे चौकोनी तुकडे एकाखाली एक उतरत जातात. त्या प्रत्येक तुकड्याला बांधी म्हणायचं, आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधाला धुरा. पाट-कालवे काही नाहीत. वरची बांधी भरली की तिचा मालक आपल्या हाताने धुरा फोडतो आणि पाणी खालच्या बांधीत जातं. खालच्याने फोडला की त्याच्या खालच्याकडे. कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात शेवटच्या माणसाचं पीक वरच्या सगळ्यांच्या फावड्यावर अवलंबून असतं.

या तलावाखाली सगळ्यात वरच्या बांध्या गोविंदरावांच्या होत्या. ते गावचे मालगुजार. म्हणजे मालगुजारी गेल्यावर उरलेले गोविंदराव. तलाव सरकारजमा झाला होता, जमीन बरीचशी राहिली होती, आणि मान सगळा राहिला होता. सगळ्यात खाली, जिथे पाणी दमून पोचतं, तिथे ढिवरांच्या चिमूटभर बांध्या. ढिवर म्हणजे मासेमारी करणारे लोक. त्यांचा अर्धा संसार तलावातल्या मासोळ्यांवर आणि अर्धा त्या बांध्यांवर. त्यांच्या वतीने बोलायची ती भागरताबाई. नवरा गेलेली, उंच, डोक्यावर टोपली असली तरी मान न वळवता दोन्हीकडचं बघणारी.

मी त्या गावी गेलो की ती पानात गुंडाळलेल्या मासोळ्या घेऊन हजर. मी नको म्हणायचो.

"काऊन जी? पोट दुखते काय मासोळीनं?"

"घेत नाही, बाई. नियम आहे."

"बायकोचा का सरकारचा?"

"सरकारचा."

"मंग सरकारले विचारा, खाऊन पाहिली काय कधी." आणि मासोळ्या परत टोपलीत. दर खेपेला हेच. तिला मी घेणार नाही हे माहीत होतं, मला ती आणणार हे माहीत होतं. या गोष्टीला मी सरावलो होतो, थोडा खुशही होतो.

गोविंदरावांकडून मात्र मी यादीत नसलेली एक गोष्ट घेऊन बसलो होतो. त्या गावात उतरायला दुसरी जागा नव्हती. एका दौऱ्यात मला तिथेच हिवतापाने गाठलं. पेटीतलं क्विनाईन पोटात राहीना. गोविंदराव आणि त्यांच्या घरच्या काकू, दोघांनी आळीपाळीने माझ्या खाटेशी बसून मला वाचवलं. हे मी वाढवून सांगत नाही. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनेच तसं म्हटलं. त्याची पोच काय द्यायची आणि ती कुठल्या रकान्यात लिहायची, हे मला कधी सुचलं नाही.

तर एका वर्षी पाऊस भाद्रपदातच उठून गेला. अश्विनात भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान पोटरीत आलं होतं. त्या वेळी एक पाणी मिळालं तर धान भरतं, नाही मिळालं तर नुसता तणस, दाण्याविना पेंढा. तलाव अर्धाच होता. तहसीलदार रजेवर, म्हणून गावचा अर्ज माझ्याकडे आला: तुडुम उघडावं. त्याच टपालात ढिवरांचा अंगठ्यांचा अर्ज होता: पाणी जुन्या गोट्याखाली उतरू देऊ नये. तलावाच्या पोटात एक दगड रोवलेला होता. पाणी त्याच्या खाली गेलं की ऊन मासोळ्यांना शिजवतं, आणि पुढल्या वर्षीचं बीजही उरत नाही.

मी गेलो. चावडीसमोर सगळ्यांना बसवलं.

गोविंदराव म्हणाले, "साहेब, माणसानं धान खावं का मासोळ्या पोसाव्या? सोडा पुरतं."

भागरताबाई उभी राहिली. "पुरतं सोडा म्हणते. पुरतं तुमच्या बांधीत का आमच्या? पाणी गेलं तं मासोळ्या गेल्या, आन खाली पोचलं नाई तं धानबी गेलं. आमी काय तुमचा मान खाऊन राहू?"

कोणीतरी मागून हसलं. गोविंदरावांनी वळून पाहिलं नाही.

मी हुकूम लिहिला. तुडुम उघडावं, गोटा दिसताच बंद करावं, पाणी वरून खालपर्यंत सर्वांना मिळावं. वाचून दाखवला. सर्वांनी मान्य केला. डोमा कोतवालाने तुडुम उघडलं, पाणी फेसाळत गोविंदरावांच्या बांधीत शिरलं, आणि मी दौऱ्याच्या यादीप्रमाणे पुढच्या गावाला निघालो. काम नीट झालं असं मला मनापासून वाटत होतं.

पुढच्या गावी मी फेरफार तपासत बसलो होतो, तर भागरताबाई उन्हातून चालत आली. या वेळी टोपली नव्हती.

"तुमी निघाले न साहेब, पाणी थांबलं."

"डोमाने बंद केलं?"

"डोमा कायले बंद करते? तुडुम चालूच हाय. पाणी मालगुजाराच्या बांधीत बसून राह्यलं. धुरा फोडत नाई कोनी. तिकडं गोटा वर येऊन राह्यला. दोन्ही जाते आमचं."

"मी तर हुकूम लिहून दिला आहे, बाई."

"हुकूम पाळीवर बसते काय?"

मला समजलं नाही, हे तिला दिसलं असावं. ती खाली बसली आणि एखाद्या पाहुण्याला गावचा रस्ता सांगावा तसं सांगू लागली. "गोविंदरावचा बाप बसे. मंग गोविंदराव बसे. ज्यानं पाणी सोडलं त्यानं पाळीवर बसाचं. पाणी शेवटच्या बांधीत पोचेपर्यंत उठाचं नाई, कोनाच्या घरी जेवाचं नाई. तो बसला दिसला म्हणजे सारे धुरा फोडतात. आता मालगुजारी गेली, तुमी सोडलं. तं तुमी काऊन उठले?"

मी फेरफार बंद केले आणि तिच्याबरोबर परत निघालो.

पाळीवर चिंचेखाली एक बसायची जागा होती, बसून बसून गुळगुळीत झालेली. तिथून तलाव आणि सगळ्या बांध्या एकाच नजरेत येत. मी तिथे बसलो. खाली गोविंदरावांच्या बांधीत पाणी चमकत होतं. त्याच्या खाली माती भेगाळलेली. लोक आपापल्या धुऱ्यावर फावडं टेकवून उभे होते, आणि कधी माझ्याकडे, कधी वरच्या बांधीकडे पाहत होते.

गोविंदराव आले. माझ्या शेजारी उभे राहिले.

"जेवाले चला, नायब साहेब. काकूनं भात टाकला."

"पाणी पोचलं की येतो."

ते हसले. "हे भागरतानं शिकवलं वाट्टे. माह्या बापाचा कायदा मलेच सांगता?"

"तुम्हीही बसत होता म्हणे."

"बसत होतो. तवा तलाव माहा होता. आता सरकारचा हाय. आता मी एक शेतकरी. शेतकऱ्यानं आपली बांधी भरून घेतली तं गुन्हा हाय काय?"

गुन्हा नव्हता. पाणी तुडुमात असेपर्यंत सरकारचं. एकदा बांधीत शिरलं की बांधीवाल्याचं. माझा हुकूम तुडुमापाशीच संपत होता. ते कायद्याच्या काठावर व्यवस्थित उभे होते.

"नाही," मी म्हणालो.

"मंग हुकूम काढा."

"याचा हुकूम निघत नाही. विनंती करतो."

"सरकारची इनंती का तुमची?"

सरकारची म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, कारण सरकार विनंती करत नाही. "माझी," मी म्हणालो.

गोविंदरावांनी पाण्याकडे पाहिलं. म्हणाले, "तापात होते तवा दिवसभर पाणी मांगे तुमी. आताबी पाणीच मांगून राह्यले." आणि खाली आपल्या माणसाला हाक दिली, "फोड गा धुरा!"

वरचा धुरा फुटला आणि खालच्या सगळ्या फावड्यांना जाग आली. पाणी एकेक बांधी उतरू लागलं. गोट्याचं डोकं पुरतं उघडं पडलं तेव्हा डोमाने तुडुम दाबलं. पण आता वरचं साठलेलं पाणीच पुढे सरकत होतं. रात्र पाळीवरच गेली. सकाळी उन्हं चढत असताना सगळ्यात खालून भागरताबाईने हात वर केला. मी उठलो, पाय झाडले आणि गोविंदरावांकडे जाऊन पोटभर जेवलो. काकूंनी तूप वाढलं. तेही खाल्लं.

निघताना भागरताबाई पानातल्या मासोळ्या घेऊन वाटेत उभी. "आज तं घ्या. आज तुमी पाळीवर बसले."

"आज तर मुळीच नाही," मी म्हणालो. ती हसली.

त्या मुक्कामानंतर मी 'न घ्यायचे'च्या खाली एक शब्द जोडला: 'उपकार'. पण तो तर घेऊन झाला होता. एक तापातला आणि एक पाळीवरचा.

पुढल्या वर्षी गोविंदरावांचा अर्ज आला. सरकार तेव्हा गावोगावच्या पाण्याच्या वहिवाटी नव्याने नोंदवत होतं. अर्ज असा की, आमच्या बांध्यांना पहिलं पाणी, आणि त्या पूर्ण भरेपर्यंत धुरा फोडायचं बंधन नाही, अशी पूर्वापार वहिवाट आहे; ती नोंदवावी. चौकशी माझ्याकडे. ते स्वतः कचेरीत आले. काहीही मागितलं नाही. काकूंनी पाठवलेलं लोणचंही बाहेर गाडीतच ठेवलं, हे मला नंतर शिपायाने सांगितलं. फक्त एवढं म्हणाले, "तुमीच करा चौकशी. तुमी गाव जानता."

मी गाव जाणत होतो. 'पूर्ण भरेपर्यंत' हे खोटं होतं, हे मी त्या चिंचेखाली बसून शिकलो होतो. म्हणजे निकाल मला माहीत होता. तरी मी त्या प्रकरणावर बसावं का? ज्या माणसाने माझा जीव वाचवला आणि माझ्या शब्दावर आपलं पाणी सोडलं, त्याच्याच अर्जावर? त्याच्या बाजूने दिलं तर लोक म्हणणार, तूप खाल्लं. विरुद्ध दिलं तर मलाच संशय येणार की, मी विकला गेलो नाही हे दाखवायला तसं केलं का. मी तहसीलदारांना लिहून दिलं की, अर्जदाराशी माझे घरोब्याचे संबंध आहेत, चौकशी दुसऱ्याकडे द्यावी.

तहसीलदार कागद वाचून म्हणाले, "अहो, या तहसिलीत गोविंदरावांकडे न जेवलेला अधिकारी कुठून आणू?"

"माझ्यासारखा तापातून उठलेला नको," मी म्हणालो.

पाहिलेलं मी साक्षीदार म्हणून तरी लिहून देऊ शकलो असतो. पण एकदा बाजूला झाल्यावर खिडकीतून हात घालणं बरं दिसणार नाही, असं वाटलं. फार नेटकेपणाने मी त्या प्रकरणातून बाहेर पडलो. चौकशी ज्यांच्याकडे गेली ते सज्जन होते, पण नवे होते, आणि कामं पुष्कळ होती. त्यांनी टेबलावर बसून कागद पाहिले. गोविंदरावांचे कागद भरपूर होते. ढिवरांकडे कागद कुठून असणार? त्यांच्याकडे फक्त एक सवय होती: कोणीतरी पाळीवर बसतं आणि पाणी पोचतं. ती कुठे लिहिलेली नव्हती. अर्ज मंजूर झाला. लाचेचा एक पैसा कुणी दिला नाही, कुणी घेतला नाही. नियमबाह्य असं त्यात काहीही शोधून सापडणार नाही. मी शोधलं आहे.

माझी बदली वरोऱ्याला झाली. राज्यं बदलली, मध्य प्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात आलो, छापील फॉर्म बदलले. एकदा अश्विनातच कामानिमित्त नागभीडला गाडी बदलायला उतरलो. त्या वर्षीही पाऊस लवकर उठला होता. फलाटावर ढिवर बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यात भागरताबाई होती. केस पांढरे झाले होते. तिने मला आधी ओळखलं.

"बरे हा जी, साहेब?"

"बरा आहे. धान कसं आहे, बाई?"

"कोनाचं?"

तिनेच पुढे सांगितलं, आवाज न चढवता. दोन सालं खालच्या बांध्या वाळल्या. तुडुम उघडते, बंद होते, सगळं कागदाप्रमाणे होते. डोमा कागद वाचून दाखवतो. धुऱ्यावर फावडं घेऊन उभं राहून काही होत नाही. यंदा तर तिने बांधीत धान लावलंच नाही. पोरगा बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला गेला.

"ते प्रकरण माझ्याकडे नव्हतं," मी म्हणालो. "मी मुद्दामच त्यातून बाजूला झालो होतो. गोविंदरावांचे माझ्यावर उपकार होते. मी निकाल देणं योग्य नव्हतं."

तिने ते नीट ऐकून घेतलं. रागाने नाही, एखाद्याने अवघड हिशेब सांगावा आणि आपण तो मनात पुन्हा मांडून पाहावा, तसं.

"हो," ती म्हणाली. "तुमचं बराबर असन. पन साहेब, तुमी उठले. पाणी पोचलं नाई तवर उठले."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे. ते मी अनेकदा तयार केलं आहे, मुद्देसूद: अधिकाऱ्याने ज्याचं ऋण असेल त्याच्या प्रकरणात बसू नये, नाहीतर उद्या कोण कशावर विश्वास ठेवील. ते उत्तर मला आजही खरं वाटतं. नव्या पोरांना मी तेच शिकवतो, आणि शिकवत राहीन. फक्त त्यांना एवढं जास्त सांगतो की, बाजूला होण्याआधी आपण उठल्यावर त्या जागेवर कोण बसणार आहे ते बघा. आणि कुणीच बसणार नसेल, तर आपले हात स्वच्छ राहिल्याचं समाधान कुणाच्या बांधीतून आलं, तेही बघा. पोरं वहीत लिहून घेतात.

भागरताबाईला मात्र मी हे काही सांगितलं नाही. गाडीची घंटा झाली. ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि शेजारणीने टोपली उचलून दिली. टोपलीत पानाखाली ताज्या मासोळ्या होत्या. एकीची शेपटी अजून हलत होती.

"येतो जी," ती म्हणाली आणि डब्याकडे वळली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मला 'घ्या' म्हटलं नाही.